डायनेस्टी फॅन्टसी हॉकी: माझ्या फार्ममधले सहा प्रॉस्पेक्ट, मूल्यमापन हवं आहे

निळी_रेषा

नमस्कार मंडळी. आमच्या फॅन्टसी लीगचा, म्हणजे खऱ्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली मुख्य आइस हॉकी लीग) खेळाडूंचे कागदी संघ करून त्यांच्या आकड्यांवर खेळायच्या लीगचा, २०२५ चा प्रॉस्पेक्ट (उदयोन्मुख खेळाडू) ड्राफ्ट परवा संपला. दोन दिवस मी यादीकडे बघतेय आणि ठरत नाहीये की मी चांगलं काम केलं की फक्त गाजलेली नावं गोळा केली. तुमच्यापैकी बरेच जण वर्षानुवर्षं डायनेस्टी खेळताय, म्हणून इथे मांडते.

आधी नियम, कारण त्याशिवाय उत्तर देता येणार नाही. बारा संघ आहेत. खेळाडू कायमचे आपल्याकडे, म्हणूनच डायनेस्टी. स्केटरसाठी सहा कॅटेगरी: गोल, असिस्ट, पॉवर-प्ले पॉइंट (समोरचा खेळाडू शिक्षेवर असतानाचे), शॉट, हिट (धडका), ब्लॉक (अडवलेले शॉट). गोलीसाठी दोन: विजय आणि सेव्ह टक्केवारी. मुख्य संघाशिवाय सहा जागांचा फार्म, म्हणजे प्रॉस्पेक्टसाठीची राखीव यादी. स्केटरचे एनएचएलमध्ये ८० सामने झाले, किंवा गोलीचे ४०, की तो फार्ममधून बाहेर. मग त्याला मुख्य संघात जागा द्यायची किंवा सोडून द्यायचं. प्लेऑफचे सामने यात धरत नाहीत.

माझा संघ गेल्या मोसमात नववा आला. येत्या वर्षी जिंकण्याची आशा नाही. २०२७-२८ च्या आसपास जोरात उतरायचं असं डोक्यात आहे.

आता फार्म:

इव्हान डेमिडोव्ह, विंगर, मॉन्ट्रियल. २०२४ च्या एनएचएल ड्राफ्टमधला पाचवा. गेल्या वर्षी घेतला होता.
झेन पारेख, डिफेन्समन, कॅल्गरी. २०२४ चा नववा. हाही गेल्या वर्षीचा.
रायन लेनर्ड, विंगर, वॉशिंग्टन. २०२३ चा आठवा. अदलाबदलीत मिळाला.
पोर्टर मार्टोन, विंगर, फिलाडेल्फिया. या वर्षीचा सहावा. माझी पहिल्या फेरीची निवड.
सेबास्टियन कोसा, गोली, डेट्रॉईट. २०२१ चा पंधरावा. तीन वर्षं माझ्याकडे पडून आहे.
ट्रे ऑगस्टीन, गोली, तोही डेट्रॉईटचाच. २०२३ चा एक्केचाळिसावा. तिसऱ्या फेरीत मोकळा दिसला म्हणून उचलला.

मार्टोनच्या वेळी बोस्टनने घेतलेला सेंटर जेम्स हेगन्सही समोर होता. पाच मिनिटं घालवली आणि मार्टोन घेतला. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

मोकळेपणाने सांगा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा.

आकडेमोड

चांगली यादी आहे. आधी एक सवय मोडायला हवी, ती म्हणजे प्रत्येक नावापुढे ड्राफ्टचा क्रमांक लिहायची. आपल्या लीगसाठी तो क्रमांक निवडीच्या दिवशीच शिळा होतो. २०१५ आठवा. बोस्टनकडे लागोपाठ तीन निवडी होत्या, १३, १४ आणि १५. त्यांनी झ्बोरिल, डीब्रस्क आणि सेनिशिन घेतले. लगेच पुढचे तीन कोण गेले? बार्झाल, काइल कॉनर, शाबो. त्याच वर्षी पाचव्या फेरीत १३५ वा गेला किरिल कप्रिझोव्ह. क्रमांकावरून एवढंच कळतं की त्या दिवशी त्या खोलीतल्या लोकांना काय वाटलं.

आता आकडे. २०२४-२५ मध्ये मार्टोनने ओएचएलमध्ये (कॅनडातली ज्युनिअर लीग) ५७ सामन्यांत ९८ पॉइंट (गोल अधिक असिस्ट) केले. पारेखने त्याच लीगमध्ये ६१ सामन्यांत १०७, तेही डिफेन्समन असून. डेमिडोव्हने केएचएलमध्ये (रशियातली व्यावसायिक लीग) ६५ सामन्यांत ४९. नुसतं सामन्यामागे बघितलं तर डेमिडोव्ह निम्म्यावर दिसतो आणि तिथेच लोक फसतात. ओएचएल ही पोरांची लीग आहे, केएचएलमध्ये तिशीतली माणसं अंगावर येतात. म्हणून दर लीगला एक गुणक लावायचा. मी ओएचएलला ०.३ आणि केएचएलला ०.७ धरतो. दुसरे थोडं इकडेतिकडे धरतील. त्या हिशेबाने ८२ सामन्यांत डेमिडोव्ह ४३ आणि मार्टोन ४२ पॉइंटवर येतो. म्हणजे जवळपास बरोबरी. पण एसकेए या त्याच्या रशियन क्लबमध्ये डेमिडोव्हचा बर्फावरचा वेळ सतत वरखाली होत होता, काही सामन्यांत तर तो जेमतेम उतरला. तेवढ्या वेळात त्याने वीस वर्षांखालच्या खेळाडूंचा केएचएलमधला पॉइंटचा विक्रम मोडला. माझ्या लेखी तो या फार्ममधला पहिला आहे आणि दुसऱ्यात आणि त्याच्यात मोठं अंतर आहे.

बोर्डाजवळ

डेमिडोव्हबद्दल सहमत. पण तुमच्या लीगमध्ये हिट मोजतात हे विसरू नका. नुसत्या पॉइंटच्या लीगमध्ये मी लेनर्डला चौथा ठेवला असता. तुमच्याकडे तो दुसरा. बोस्टन कॉलेजमध्ये ३७ सामन्यांत ३० गोल, त्या मोसमात अख्ख्या एनसीएएमध्ये (अमेरिकी कॉलेज हॉकी) सर्वांत जास्त. वर तो धडकायला मागेपुढे बघत नाही. गोल, शॉट आणि हिट तिन्ही देणारा विंगर मिळाला की प्रतिस्पर्धी एका आठवड्यात तीन कॅटेगरीत मागे पडतो. ब्रेडी टकाचक ज्याच्याकडे आहे त्याला विचारा, तो कुठल्याही किमतीला देतो का.

मार्टोनमध्येही हीच गोष्ट आहे. सव्वासहा फूट उंची, नेटसमोर उभा राहतो, समोरच्याला चिडवतो. हेगन्स सुंदर खेळतो, पण त्याच्याकडून हिट येणार नाहीत. तुमच्या कॅटेगरी बघता पाच मिनिटांत तुम्ही बरोबर निर्णय घेतलात.

दुसरी_फळी

रेषाताई, तुम्ही प्रश्न नीट मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो.

मी दहा वर्षं डायनेस्टी खेळतोय. सुरुवातीची चार-पाच वर्षं मी आकडेमोड यांच्यासारखाच विचार करायचो: गुणक, वय, पॉइंट. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यात दोन गोष्टी येत नाहीत. पहिली, खऱ्या क्लबमध्ये त्या पोराला बसायला खुर्ची आहे का. दुसरी, तुमच्या लीगचं ८० सामन्यांचं घड्याळ कधी सुरू होतं आणि कधी संपतं. या दोन गोष्टी एकमेकांना जिथे छेदतात, तिथेच प्रॉस्पेक्टची किंमत ठरते.

घड्याळाचं उदाहरण देतो. जॅक ह्यूज, २०१९ चा पहिला. पहिल्या मोसमात ६१ सामने, २१ पॉइंट. तुमच्या नियमाने दुसऱ्या मोसमातले १९ सामने झाले की तो फार्ममधून बाहेर. त्या दुसऱ्या मोसमात त्याचे ५६ सामन्यांत ३१ पॉइंट. म्हणजे तो उरलेला मोसम तुम्ही मुख्य संघातली जागा अशा खेळाडूला देणार, जो आठवड्याला काहीच देत नाही. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे: चौथ्या मोसमात ७८ सामन्यांत ९९. ज्यांनी मध्येच कंटाळून त्याला स्वस्तात दिलं, त्यांची निवड चुकली नव्हती. त्यांच्याकडे त्या मधल्या काळासाठी मोकळी जागा नव्हती, एवढंच.

आता खुर्ची. अलेक्सी लाफ्रेनिएर, २०२० चा पहिला. पहिली तीन वर्षं २१, ३१, ३९ पॉइंट. पोरगा वाईट होता का? रेंजर्सच्या डाव्या बाजूला पॅनारिन आणि क्रायडर होते, आणि पहिल्या पॉवर-प्लेच्या पाचही जागा भरलेल्या. पॉवर-प्लेवर वेळच मिळत नसेल तर पॉइंट येणार कुठून? चौथ्या वर्षी वरच्या लाइनवर पॅनारिनबरोबर खेळायला मिळालं आणि ५७ झाले.

म्हणून तुमच्या सहांपैकी प्रत्येकासाठी हे दोनच प्रश्न विचारून बघा. मी माझं उत्तर नंतर देतो, आधी तुमचं वाचायचंय.

नवखा_प्रेक्षक

मध्येच शंका विचारतो, माफ करा. मार्टोन कॉलेजात जाणार असं वाचलं. ओएचएल खेळलेल्यांना एनसीएएमध्ये खेळता येत नाही ना?

आकडेमोड

आधी येत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने नियम बदलला, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू. म्हणून मार्टोन मिशिगन स्टेटला चाललाय आणि गॅव्हिन मॅकेना पेन स्टेटला. आधी एकोणीस वर्षांच्या ज्युनिअर खेळाडूपुढे दोनच रस्ते होते, एनएचएल किंवा परत ज्युनिअर. एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालची लीग) त्याला वीस वर्षांचा होईपर्यंत पाठवता येत नव्हतं. आता करार केला नसेल तर तिसरा रस्ता उघडलाय. प्रॉस्पेक्ट बघणाऱ्यांसाठी कित्येक वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल आहे, कारण यापुढे कॉलेजचे आकडे आणि जुने आकडे एका तागडीत टाकता येणार नाहीत. मला माझे गुणक नव्याने मांडावे लागतील.

निळी_रेषा

दुसरी_फळी, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काल रात्री बसून उत्तरं काढली.

डेमिडोव्ह: घड्याळ जेमतेम सुरू झालंय. एप्रिलमध्ये तो मॉन्ट्रियलला आला आणि मोसमाचे शेवटचे दोनच सामने खेळला. पहिल्यातच गोल आणि असिस्ट. प्लेऑफचे सामने आमच्याकडे मोजत नाहीत. या वर्षी तो पूर्ण मोसम खेळेल, म्हणजे शेवटी शेवटी ८० पार. २०२६-२७ ला तो मुख्य संघात. खुर्ची: सुझुकी, कॉफिल्ड आणि लेन हटसन पॉवर-प्लेवर पक्के. उरलेल्या दोन जागांसाठी स्लाफकोव्स्की, लायने आणि डेमिडोव्ह. लायनेचे गेल्या मोसमात २० पैकी १५ गोल पॉवर-प्लेवर आले, त्यामुळे त्याला ते सहज काढतील असं वाटत नाही. तरीही तीन माणसं आणि दोन जागा, ही स्पर्धा मला चालेल.

लेनर्ड: मोसमाच्या शेवटी कॅपिटल्सकडून नऊ सामने. हाही या वर्षी बहुतेक पूर्ण खेळेल. ओव्हेचकिनची डावीकडची जागा कुणाला मिळणार नाही, ते बरोबरच आहे. पण त्याचा करार २०२६ ला संपतो. हिट मात्र खुर्चीवर अवलंबून नाहीत, तिसऱ्या लाइनवरही मिळतात. हे लिहिताना लक्षात आलं आणि बोर्डाजवळ यांचं म्हणणं पटलं.

पारेख: इथे मी अडकले.

मार्टोन: घड्याळ सुरूच होत नाही. आधी मला हे वाईट वाटलं होतं, वर्ष वाया गेलं असं. आता वाटतंय की माझ्यासाठी हेच उत्तम. मला जिंकायचंय २०२७-२८ ला. तो कॉलेजात मोठा होईल, फार्ममधल्या जागेवर बसून, आणि माझ्या मुख्य संघातली जागा अडवणार नाही.

गोलींचं तुम्हीच सांगा.

दुसरी_फळी

मार्टोनचं तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. डायनेस्टीत उशिरा येणारा खेळाडू हा पुष्कळदा फायद्याचा असतो, कारण शिकण्याची वर्षं तो दुसऱ्याच्या हिशेबावर काढतो. फक्त खुर्ची बघा: फिलाडेल्फियाच्या उजव्या बाजूला कोनेक्नी, मिचकोव्ह आणि टिपेट आहेत. मिचकोव्हने पहिल्याच मोसमात ८० सामन्यांत ६३ पॉइंट केले, तो कुठे हलणार नाही. मार्टोन आला की त्याला नेटसमोरची जागा मिळावी, तिथे या तिघांपैकी कुणी उभं राहणारं नाही. म्हणून मी काळजी करत नाही.

हेगन्सच्या बाजूनेही एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. बर्जेरॉन आणि क्रेची २०२३ मध्ये निवृत्त झाले तेव्हापासून बोस्टनला वरचा सेंटर सापडलेला नाही. त्या ड्राफ्टमध्ये इतकी मोकळी खुर्ची फार थोड्यांना मिळाली. ३७ सामन्यांत ३७ पॉइंट ही कॉलेजच्या पहिल्या वर्षाला कमी नव्हे. ज्याने त्याला घेतला त्याने काही वाईट केलं नाही. पण तो सेंटर आहे. बारा संघांच्या लीगमध्ये चांगले सेंटर मोकळ्या यादीतही मिळतात, हिट देणारे विंगर मिळत नाहीत.

आकडेमोड

वयाचा मुद्दा राहिला, तो मार्टोनच्या विरोधात जातो म्हणून मुद्दाम लिहितो.

ड्राफ्टसाठी वयाची अंतिम तारीख १५ सप्टेंबर. त्या दिवसापर्यंत अठरा पूर्ण झालेला मुलगा त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा, दोन दिवसांनी हुकला आणि २०१५ ऐवजी २०१६ मध्ये गेला. उलट मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७ चा, दहा दिवसांनी आत बसला आणि या वर्षी पहिला गेला. मार्टोन ऑक्टोबर २००६ चा. म्हणजे एकाच ड्राफ्टमध्ये शेफर आणि मार्टोनमध्ये दहा महिन्यांहून जास्त अंतर. सतराव्या-अठराव्या वर्षी दहा महिने म्हणजे खूप: उंची, ताकद, बर्फावरचा निर्णयाचा वेग सगळं बदलतं. मार्टोनचे ९८ पॉइंट वाचताना हे लक्षात ठेवा. तो वयाने शेफरपेक्षा पारेखच्या जास्त जवळचा आहे, पारेख फेब्रुवारी २००६ चा.

हेगन्सही नोव्हेंबर २००६ चा, तेव्हा त्या दोघांत वयाचा फरक नगण्य. म्हणजे तुमच्या निर्णयावर याचा परिणाम होत नाही. पण मार्टोनला डेमिडोव्हच्या बरोबरीला बसवू नका.

बोर्डाजवळ

शेफरचा विषय निघाला म्हणून एक वाक्य. कॉलरबोन मोडल्यामुळे त्याचे ओएचएलमध्ये फक्त १७ सामने झाले आणि तरी तो पहिला गेला. गुणक लावायला १७ सामने पुरत नाहीत. तिथे डोळ्यांनी बघितलेलंच कामाला येतं.

दुसरी_फळी

आता पारेख. ताई अडकल्या यात नवल नाही, हा सगळ्यात अवघड आहे.

गुण आधी. दोन मोसम लागोपाठ ३३ गोल, डिफेन्समन असून. पॉइंट ९६ वरून १०७, तेही पाच सामने कमी खेळून. सॅगिनॉ या त्याच्या ओएचएल संघाबरोबर २०२४ चा मेमोरियल कप, म्हणजे कॅनडातल्या ज्युनिअर हॉकीचं विजेतेपद. एप्रिलमध्ये कॅल्गरीसाठी पहिल्याच सामन्यात गोल. गुणवत्तेवर मला शंका नाही.

डिफेन्समनच्या बाबतीत खुर्ची एकच असते. पहिल्या पॉवर-प्लेवर बहुतेक संघ हल्ली एकच डिफेन्समन ठेवतात. ती जागा मिळाली तर साठ-सत्तर पॉइंट, नाही मिळाली तर तीस. बोवेन बायरम बघा. २०१९ चा चौथा. कोलोरॅडोत त्याच्यापुढे पॉवर-प्ले चालवणारा मकार. मार्च २०२४ मध्ये बफलोला पाठवला, तिथे डालिन. दोन क्लब झाले आणि दोन्हीकडे दार बंद. ओवेन पॉवर २०२१ चा पहिला, त्याचीही तीच गत, त्याच डालिनमुळे. याउलट लेन हटसन. २०२२ चा बासष्टावा, उंची पावणेसहा फूट. मॉन्ट्रियलने पहिल्याच मोसमात पॉवर-प्लेची किल्ली त्याच्या हातात दिली आणि ६० असिस्ट, ६६ पॉइंट, काल्डर (सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार). नवोदित डिफेन्समनच्या असिस्टचा लॅरी मर्फीचा १९८०-८१ चा विक्रम त्याने गाठला.

कॅल्गरीत मकार नाही, डालिनही नाही. वीगर आणि अँडरसन आहेत, दोघेही चांगले, पण दोघांपैकी कुणीही दहा वर्षं ती जागा धरून बसणारं नाही. अँडरसनचा करार २०२६ ला संपतोय. म्हणजे पारेखचं दार बंद नाही, लोटलेलं आहे.

घड्याळ मात्र विचित्र आहे. तो एकोणीस वर्षांचा, करार झालेला. म्हणजे या वर्षी कॅल्गरी किंवा परत सॅगिनॉ, मधलं काही नाही. क्लब अशा पोरांना नऊ सामने खेळवून बघतात, कारण दहावा सामना झाला की कराराचं पहिलं वर्ष खर्ची पडतं. नऊ सामन्यांनंतर परत पाठवलं तर तुमचं घड्याळ जवळपास तिथेच थांबेल. ठेवून घेतलं आणि तिसऱ्या जोडीत बारा-तेरा मिनिटं खेळवलं, तर ८० पैकी पन्नास-साठ सामने काहीही न मिळवता संपतील. तुमच्यासाठी दुसरी शक्यता वाईट.

त्यावर एक धोका: तो ब्लॉक आणि हिट फारसे देणार नाही. पॉवर-प्ले मिळालाच नाही तर तुमच्या लीगमध्ये तो निकामी ठरेल. मी त्याला ठेवीन, पण डोळे उघडे ठेवून.

नवखा_प्रेक्षक

हे वाचून एक कळलं. मी माझ्या लीगमध्ये एकाच क्लबचे तीन तरुण डिफेन्समन घेऊन बसलोय, तिघेही पॉवर-प्लेवाले. जागा एकच. आजच दोघांसाठी प्रस्ताव पाठवतो.

गोलपोस्ट

उशिरा आलो. गोलींबद्दल कुणी बोलत नाहीये, म्हणून मी बोलतो. मला गोली मनापासून आवडतात आणि फॅन्टसीतले लोक त्यांना फार वाईट वागवतात.

गोलीच्या बाबतीत ताईंनी एक चूक केली आहे, ती स्पष्ट सांगतो. कोसा आणि ऑगस्टीन दोघेही चांगले आहेत. पण दोघे एकाच नेटच्या रांगेत उभे आहेत आणि त्या रांगेत जूनमध्ये जॉन गिब्सन पुढे येऊन उभा राहिला. डेट्रॉईटने त्याला अनाहाइमकडून घेतलं, त्याचा करार २०२७ पर्यंत. म्हणजे सहापैकी दोन जागा, फार्मचा तिसरा हिस्सा, एका क्लबच्या एका नेटवर लावलेला आहे आणि ते नेट दोन वर्षं भरलेलं आहे.

काही लोक म्हणतील की दोघे ठेवले तर डेट्रॉईटचा पुढचा गोली नक्की आपलाच. हा युक्तिवाद मुख्य संघात चालतो, जिथे पहिला जखमी झाला तर दुसरा लगेच उतरतो. फार्मवर चालत नाही. इथे दोन्ही जागांचं भाडं तुम्ही वर्षानुवर्षं भरता आणि उतरतो एकच. शिवाय गोली त्याच क्लबमध्ये मोठा होईल याची खात्री कुठे आहे? अस्कारोव्ह बघा. २०२० मध्ये नॅशव्हिलने अकरावा घेतला. जुलै २०२४ मध्ये क्लबने सारोसबरोबर आठ वर्षांचा करार केला आणि ऑगस्टमध्ये अस्कारोव्ह सॅन होजेला गेला. स्पेन्सर नाइट २०१९ चा तेरावा, फ्लोरिडात बॉब्रोव्स्कीच्या मागे थांबला, मार्च २०२५ मध्ये सेथ जोन्सच्या बदल्यात शिकागोला. गोलीचा रस्ता नेहमी दुसऱ्या गोलीच्या करारातून जातो.

आणि वेळ. शेस्टर्किन २०१४ मध्ये ११८ वा गेला, पहिला एनएचएल सामना जानेवारी २०२० मध्ये. सोरोकिन त्याच ड्राफ्टचा ७८ वा, तो २०२०-२१ मध्ये. हेलेबॉइक २०१२ चा १३० वा, तो तीन वर्षांत आला. हे तिघं आज कुठे आहेत ते बघा आणि कुठल्या क्रमांकावर गेले होते तेही बघा. पहिल्या फेरीचा गोली म्हणून कोसाला जास्त भाव द्यायचं कारण नाही.

निळी_रेषा

गोलपोस्ट, स्पष्ट बोललात ते बरं झालं. दोघांपैकी एकच ठेवायचा झाला तर कोण? मला आतून कोसाच वाटतो. तीन वर्षं सांभाळलाय, आता कुठे जवळ आलाय.

गोलपोस्ट

तीन वर्षं सांभाळला हे कारण बाजूला ठेवा. ती वर्षं गेली, ठेवला तरी परत येणार नाहीत.

कोसा: साडेसहा फूट, खालच्या लीगमधल्या टोलेडोहून त्यावरच्या ग्रँड रॅपिड्सला पायरी पायरीने चढलेला, डिसेंबर २०२४ मध्ये बदली म्हणून उतरून पहिला एनएचएल विजय मिळवलेला. तो जवळ आलाय हे खरं. पण जवळ आलाय म्हणजे काय? गिब्सनच्या मागे वर्षाला वीसेक सामने. तुमच्या ४० सामन्यांच्या नियमात तो दोन वर्षांत दुसरा गोली म्हणूनच फार्ममधून बाहेर पडेल. विजय फार नाहीत, आणि मुख्य संघात जागा मागणार, तीही २०२७ च्या आधी.

ऑगस्टीन: २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन ज्युनिअर विश्वविजेतेपदं अमेरिकेच्या नेटमध्ये राहून. अजून मिशिगन स्टेटमध्येच आहे. घड्याळ शून्यावर. तो एनएचएलच्या दाराशी येईल तेव्हा गिब्सनचा करार संपत आलेला असेल. तुमचा काळ २०२७-२८. दोघांत कोण मोठा गोली होईल यावर मी पैज लावणार नाही. तुमच्या संघाच्या वेळापत्रकात कोण बसतो एवढंच विचारताय, तर ऑगस्टीन.

आणि कोसा आत्ता द्या, त्याचा भाव आत्ताच आहे. तुमच्या लीगमध्ये गिब्सन कुणाकडे आहे? सगळ्यात आधी त्याला विचारा. गिब्सन बरेचदा दुखापतग्रस्त झालेला आहे, त्या माणसाला कोसा तुमच्यापेक्षा जास्त लागणार आहे.

बोर्डाजवळ

हा सल्ला सोन्यासारखा आहे. गिब्सनवाल्याला विचारायचं माझ्या डोक्यात आलं नसतं.

आकडेमोड

माझा क्रम: डेमिडोव्ह, लेनर्ड, पारेख, मार्टोन, ऑगस्टीन, कोसा. नुसत्या गुणकांवर मी पारेखला दुसरा ठेवला असता. दुसरी_फळी यांचं बायरमचं उदाहरण वाचून खाली आणला. हटसनच्या आधी मॉन्ट्रियलचा पॉवर-प्ले कोण चालवत होतं आणि कॅल्गरीत आज कोण चालवतंय, ही तुलना मी कधी केलीच नव्हती. प्रत्येक प्रॉस्पेक्टपुढे त्याच्या जागेवरच्या माणसाचा करार कधी संपतो, हा रकाना आजपासून माझ्या तक्त्यात टाकतोय.

निळी_रेषा

चार दिवसांनी परत लिहितेय.

गिब्सनच्या मालकाला विचारलं. पहिल्यांदा त्याने तिसऱ्या फेरीची निवड देऊ केली. मी ऑगस्टीन ठेवतेय हे सांगितलं, आणि कोसासाठी आणखी एकाशी बोलणं चालू आहे हेही, जे खरं होतं. शेवटी २०२६ ची त्याची दुसऱ्या फेरीची निवड मिळाली. मॅकेना काही तिथपर्यंत खाली येणार नाही, मेडिसिन हॅट या ज्युनिअर संघासाठी ५६ सामन्यांत १२९ पॉइंट केलेला मुलगा पहिलाच जाणार. पण त्या वर्षीच्या दुसऱ्या फेरीत मला एखादा कॉलेजात जाणारा विंगर बघायचाय, ज्याचं घड्याळ २०२७ पर्यंत सुरू होणार नाही.

कोसाला देताना वाईट वाटलं. तीन वर्षं सकाळी उठून ग्रँड रॅपिड्सचा निकाल बघायची सवय झाली होती.

लेनर्डसाठी दोन प्रस्ताव आले, दोन्ही नाकारले. त्यातला एक हेगन्सचा होता.

सहावी जागा सध्या मोकळी ठेवली आहे. एनएचएल क्लबांचा सप्टेंबरचा सराव कॅम्प संपेपर्यंत भरणार नाही, कारण पारेख कॅल्गरीतच राहिला आणि तिसऱ्या जोडीत अडकला तर मला आणखी एक डिफेन्समन लागेल, सॅगिनॉला गेला तर लागणार नाही. कळलं की इथेच लिहीन.

दुसरी_फळी

दुसरी फेरी मिळवलीत म्हणजे सौदा चांगला झाला. पारेखचे कॅम्पमधले सामने बघाल तेव्हा गोल मोजू नका. पॉवर-प्लेला पहिल्या पाचांत कोण उतरतं आणि तो बाकावर बसतो का, तेवढंच टिपून ठेवा आणि इथे टाका.